रोधक क्षेपणास्त्रं मोजकी, हल्ले अनेक: वाटपाचं गणित पायरीपायरीने

१९४० साली लंडनवर जर्मन बॉम्बफेक सुरू झाली, तेव्हा एक विमान पाडायला ब्रिटिश विमानवेधी तोफांना सुमारे वीस हजार गोळे लागत होते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हा आकडा चार हजारांच्या आसपास आला. यात ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट आणि त्यांच्या शास्त्रज्ञांच्या छोट्या गटाचा मोठा वाटा होता. रडार आणि तोफ यांचं गणित त्यांनी नीट जुळवलं. रडार संच कमी आणि तोफांच्या तुकड्या जास्त आहेत हे लक्षात आल्यावर तोफा मोठ्या तुकड्यांत एकत्र करण्याचा सल्लाही त्यांनी दिला. नवं शस्त्र न घेता, हाताशी होतं तेच वेगळ्या रीतीने वाटून हा फरक पडला. हेच ब्लॅकेट १९४८ साली नेहरूंच्या विनंतीवरून भारताच्या संरक्षण-विज्ञानाबद्दल सल्ला द्यायला आले होते. आपल्याकडे ऑपरेशन्स रिसर्च (निर्णय गणिताच्या आधारे घेण्याचं शास्त्र) संरक्षण क्षेत्रात रुजली, त्यामागे हा धागाही आहे.

आज तोफांच्या जागी येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडणारी रोधक क्षेपणास्त्रं आली. प्रश्न तोच राहिला. येणारी क्षेपणास्त्रं जास्त आणि आपल्याकडची कमी असतील, तर कोणतं कशावर सोडायचं? ऑपरेशन्स रिसर्चमध्ये याला वेपन-टार्गेट असाइनमेंट म्हणतात. ॲलन मॅन यांनी १९५८ साली हा प्रश्न आजच्या रूपात मांडला. हा लेख बी.एस्सी., इंजिनिअरिंग किंवा एम.बी.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे. कागद-पेन्सिल, स्प्रेडशीट आणि शेवटी थोडं पायथॉन एवढं पुरेल. उदाहरणांतले आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. खऱ्या यंत्रणांचे आकडे गुप्त असतात आणि पद्धत शिकायला ते लागतही नाहीत.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. हा प्रश्न संगणकावर सोडवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते काय किती मोलाचं आहे, रोधक लागण्याची शक्यता किती आणि एक चुकला तर दुसराही चुकेल का, हे ठरवणं. उत्तर या तीन गोष्टींवरच उलटतं, म्हणून तुमचा वेळ तिथे खर्च करा.

पायरी १: काय वाचवायचं ते आधी ठरवा

येणारं क्षेपणास्त्र पाडणं हा हेतू नाही. ते जिथे पडणार आहे ती जागा वाचवणं हा हेतू आहे. या दोहोंतला फरक इस्राएलच्या आयर्न डोममध्ये स्वच्छ दिसतो. २०११ पासून कार्यरत असलेली ही यंत्रणा आधी येणाऱ्या रॉकेटचा मार्ग मोजते. ते मोकळ्या रानात पडणार असेल तर त्यावर रोधक सोडतच नाही. गणिताच्या भाषेत त्या रॉकेटचं मूल्य शून्य धरलं जातं. एकही जास्तीचं क्षेपणास्त्र न बनवता साठा वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. म्हणून तुमच्या तक्त्यातला पहिला स्तंभ ‘पडण्याची जागा’ हा असू द्या.

दुसरा स्तंभ मूल्याचा. आपण तीन धोके, म्हणजे येणारी तीन क्षेपणास्त्रं, घेऊ: क वस्तीवर येतोय (मूल्य १००), ख वीजकेंद्रावर (६०), ग इंधनसाठ्यावर (२५). हे आकडे विश्लेषकाने टेबलावर बसून ठरवू नयेत, असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्यावर निर्णयाची जबाबदारी आहे त्यांना विचारा, पण ‘शंभरपैकी किती गुण द्याल’ असं विचारू नका. असं विचारा: ‘एकीकडे क नक्की वाचेल, दुसरीकडे ख आणि ग दोन्ही नक्की वाचतील, काय निवडाल?’ उत्तर ‘क’ आलं तर कचं मूल्य बाकीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त आहे हे कळलं. आपल्या आकड्यांत १०० विरुद्ध ८५ आहे, म्हणजे जुळतंय. असे पाच-सात प्रश्न विचारले की आकड्यांभोवतीची कुंपणं तयार होतात. कोणी काय उत्तर दिलं ते लिहून ठेवा.

पायरी २: एका धोक्याचं गणित

एक रोधक लक्ष्य पाडेल याची शक्यता प मानू. तो चुकण्याची शक्यता १ − प. एकाच धोक्यावर न रोधक सोडले आणि प्रत्येकाचं यश-अपयश स्वतंत्र असलं तर

अपेक्षित नुकसान = मूल्य × (१ − प) चा न वा घात

प = ०.७ धरा. क वर एक रोधक सोडला तर नुकसान १०० वरून ३० वर येतं, दुसऱ्याने ९ वर, तिसऱ्याने २.७ वर. फायदे अनुक्रमे ७०, २१ आणि ६.३. प्रत्येक पुढचा रोधक आधीच्यापेक्षा कमी कामाचा ठरतो. याला सीमांत लाभ म्हणतात आणि सगळं वाटप त्याच्या आधारावर उभं आहे. स्प्रेडशीटमध्ये तिन्ही धोक्यांचे सीमांत लाभ मांडा:

क: ७०, २१, ६.३
ख: ४२, १२.६, ३.७८
ग: १७.५, ५.२५, १.५८

पायरी ३: उतरत्या क्रमाने वाटा आणि एक किंमत शोधा

सगळे आकडे एकाच यादीत उतरत्या क्रमाने लावा: ७० (क), ४२ (ख), २१ (क), १७.५ (ग), १२.६ (ख)… साठ्यात जितके रोधक आहेत तितक्या ओळी वरून घ्या. सगळे रोधक एकाच प्रकारचे असतील तर हे उत्तर नक्की सर्वोत्तम असतं. सीमांत लाभ सतत घटत जातात, त्यामुळे पुढची ओळ आधीच्या ओळीला कधीच मागे टाकत नाही.

रोधक तीनच असतील तर काय होतं ते बारकाईने पाहा. यादीनुसार क वर दोन, ख वर एक आणि ग वर एकही नाही. एकूण अपेक्षित नुकसान ९ + १८ + २५ = ५२. ‘प्रत्येकाला एक’ या सरळ न्यायाने वाटलं असतं तर ३० + १८ + ७.५ = ५५.५ झालं असतं. इंधनसाठा उघडा सोडणं मनाला पटत नाही, पण या आकड्यांवर गणित तेच सांगतं.

ते कधीपर्यंत तेच सांगेल हेही लगेच काढता येतं. क वरच्या दुसऱ्या रोधकाचा फायदा १०० × प × (१ − प), आणि ग वरच्या पहिल्याचा २५ × प. दोन्हीकडचा प कापला की उरतं (१ − प) विरुद्ध ०.२५. म्हणजे प ०.७५ च्या वर गेला की तिसरा रोधक ग कडे जातो. रोधक जितके भरवशाचे, तितके ते पसरून वाटावेत. कमी भरवशाचे असतील तर मोलाच्या जागेवर एकवटावेत. हे समीकरण वहीत स्वतः एकदा सोडवून बघाच, हा विषय तिथे हाताला लागतो.

या यादीकडे बघायची आणखी एक रीत आहे. एका रोधकाची ‘किंमत’ २० ठरवा आणि ज्या वापरातून २० पेक्षा जास्त फायदा होतो तेवढेच वापर मान्य करा. ७०, ४२ आणि २१ मान्य होतात. नेमके तीन रोधक लागतात. साठा वाढला की किंमत उतरवायची, घटला की चढवायची. ही लाग्रांज गुणकाची कल्पना वाटपाच्या प्रश्नांसाठी १९६३ साली ह्यू एव्हरेट यांनी फार सुंदर मांडली. क्वांटम यांत्रिकीतल्या ‘अनेक विश्वां’च्या मांडणीमुळे ओळखले जातात तेच हे एव्हरेट. त्या काळात ते पेंटागॉनसाठी शस्त्र-मूल्यमापनाचं काम करत होते. व्यवहारात याचा फायदा मोठा आहे. मुख्यालयाने एक किंमत जाहीर केली की प्रत्येक बॅटरी (लाँचर आणि रडार यांची एक तुकडी) आपला निर्णय स्वतः घेऊ शकते, प्रत्येक रोधकासाठी वर विचारावं लागत नाही.

पायरी ४: बॅटऱ्या वेगवेगळ्या असतील तर सावध

आता दोन बॅटऱ्या घ्या, प्रत्येकीत एकच रोधक. दोन धोके: एकाचं मूल्य १००, दुसऱ्याचं ९०. पहिल्या बॅटरीची यशाची शक्यता अनुक्रमे ०.८ आणि ०.७५. दुसरी बॅटरी लांब आहे. पहिल्या धोक्यावर तिची शक्यता ०.७, दुसऱ्यावर जेमतेम ०.२.

उतरत्या यादीची पद्धत सगळ्यात मोठा फायदा आधी उचलते: पहिली बॅटरी पहिल्या धोक्यावर, ८०. मग दुसऱ्या बॅटरीला उरतं ते दुसऱ्या धोक्यावरचं १८. एकूण ९८. हीच जोडी उलटी लावा: पहिली बॅटरी दुसऱ्या धोक्यावर (६७.५), दुसरी पहिल्यावर (७०). एकूण १३७.५. अपेक्षित नुकसान ९२ वरून ५२.५ वर आलं.

पहिली बॅटरी दोन्ही कामं करू शकते, दुसरी एकच. जो एकच काम करू शकतो त्याला ते आधी द्यावं, हे चाळीतल्या लग्नाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यालाही कळतं. यादीला कळत नाही. एका धोक्यावर एकच रोधक अशी अट असेल तर हेरॉल्ड कून यांची १९५५ ची हंगेरियन पद्धत अचूक उत्तर देते. पायथॉनच्या सायपाय संचात हा प्रश्न अचूक सोडवणारं फंक्शन तयार मिळतं.

पायरी ५: पॅकेज करून सॉल्व्हरला द्या

एका धोक्यावर अनेक बॅटऱ्यांतून अनेक रोधक सोडायचे असतील तर प्रश्न खरोखर अवघड होतो. नुकसानाच्या सूत्रात चल घातांकात जातात, गुणाकार तयार होतात, रेषीयता संपते. हा प्रश्न एनपी-कम्प्लीट असल्याचं लॉइड आणि विट्सेनहाउझेन यांनी १९८६ साली दाखवलं. म्हणजे कोणत्याही आकाराला झटपट अचूक उत्तर देणारी पद्धत मिळेल अशी आशा धरू नये. पण आपल्याला कोणताही आकार नकोच असतो. रवींद्र आहुजा आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ऐंशी शस्त्रं आणि ऐंशी लक्ष्यं इतके मोठे प्रश्न अचूक सोडवून दाखवले.

घरच्या संगणकासाठी सगळ्यात सोपी युक्ती पॅकेजची. प्रत्येक धोक्यासाठी रोधकांची शक्य ती सगळी जुळणी आधीच लिहून काढा. तीन बॅटऱ्या आणि प्रत्येकीतून शून्य, एक किंवा दोन रोधक, म्हणजे एका धोक्यामागे २७ पॅकेजं. प्रत्येक पॅकेजचं अपेक्षित नुकसान आधीच मोजून ठेवा. गुणाकार, घात सगळं इथेच संपतं. मग प्रत्येक पॅकेजला एक ०-१ चल द्या (निवडलं तर १, नाही तर ०). अटी अशा:

प्रत्येक धोक्यासाठी नेमकं एक पॅकेज निवडायचं (‘काहीच नाही’ हेही एक पॅकेज).
प्रत्येक बॅटरीतून गेलेल्या रोधकांची बेरीज तिच्या साठ्याच्या आत.
प्रत्येक बॅटरी एका वेळी जितक्या लक्ष्यांवर मारा चालवू शकते, त्या मर्यादेच्या आत.

तिसरी अट नवशिके हमखास विसरतात. आपल्या ‘आकाश’ या हवाई संरक्षण यंत्रणेचं उदाहरण घ्या. एका बॅटरीत चार लाँचर, प्रत्येकावर तीन क्षेपणास्त्रं, म्हणजे बारा तयार. पण राजेंद्र रडारच्या आधारे एका वेळी चार लक्ष्यांवरच मारा चालवता येतो. एकदम आठ लक्ष्यं आली तर साठा शिल्लक असूनही हात बांधलेले. म्हणून काळाचे छोटे टप्पे पाडा आणि ही अट प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र लावा.

वीस धोके असले तरी ५४० चल झाले. पल्प किंवा ओआर-टूल्ससारखा मोफत संच एवढं सहज पेलतो. असे सॉल्व्हर (असे प्रश्न सोडवणाऱ्या संगणक-प्रणाली) आतून लिनिअर प्रोग्रॅमिंगचे, म्हणजे सगळी सूत्रं रेषीय असलेले, प्रश्न एकामागून एक सोडवत जातात. तिथे आपल्याला जवळचं एक नाव येतं. आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ साली बेल लॅब्समध्ये असताना अंतर्बिंदू पद्धत मांडली आणि या क्षेत्राची दिशाच बदलली. आजचे मोठे सॉल्व्हर त्याच कुळातल्या पद्धती सिम्प्लेक्स या जुन्या पद्धतीच्या जोडीने वापरतात.

पायरी ६: ‘स्वतंत्र’ हा शब्द तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पायरी २ मधला घात फक्त तेव्हाच खरा, जेव्हा पहिला रोधक चुकण्याचं कारण दुसऱ्याला लागू होत नाही.

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या दाहरान इथे एक इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकन बराकीवर पडलं आणि २८ सैनिक मेले. तिथली पॅट्रियट या अमेरिकन रोधक यंत्रणेची बॅटरी सुमारे शंभर तास सलग चालू होती. तिच्या संगणकाचं घड्याळ एकदशांश सेकंद मोजताना अतिसूक्ष्म चूक करत होतं. ती चूक साचत साचत सुमारे ०.३४ सेकंदांवर गेली होती. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. रडार चुकीच्या जागी बघत राहिलं आणि रोधक सुटलाच नाही. सुधारलेलं सॉफ्टवेअर तिथे दुसऱ्या दिवशी पोहोचलं. त्या बॅटरीत आणखी दहा रोधक असते तरी काहीही फरक पडला नसता.

हे गणितात कसं आणायचं? सगळे रोधक एकदमच निकामी ठरण्याची शक्यता स धरा, म्हणजे रडार चुकलं, ओळख चुकली किंवा संपर्क तुटला. बाकी वेळी रोधक स्वतंत्र वागतात. एका रोधकाची एकूण शक्यता ०.७ च ठेवा. मग दोन रोधक चुकण्याची शक्यता

स + (०.३ − स) चा वर्ग ÷ (१ − स)

स शून्य असेल तर ०.०९ येतं, जुनंच उत्तर. स १० टक्के धरा: ०.१४४. तिसरा रोधक लावला तरी सुमारे ०.११, जुन्या हिशेबात ते ०.०२७ होतं. कितीही रोधक ओता, नुकसानाची शक्यता १० टक्क्यांखाली जाणार नाही.

आता पायरी ३ चं वाटप पुन्हा करा. क वरच्या दुसऱ्या रोधकाचा फायदा २१ वरून १५.६ वर आला, म्हणजे ग वरच्या पहिल्याच्या १७.५ पेक्षा कमी. उत्तर पालटलं: आता प्रत्येकावर एक. सीमारेषा सुमारे ६.७ टक्क्यांवर आहे. स त्याहून कमी तर जुनं वाटप बरोबर, जास्त तर नवं. दोन वेगळ्या रडारांवर चालणाऱ्या बॅटऱ्या असतील तर क वरचा दुसरा रोधक दुसऱ्या बॅटरीतून सोडा. तो स मधून बऱ्याच अंशी सुटतो. पॅकेजच्या पद्धतीत हे सगळं सहज बसतं, कारण पॅकेजचं नुकसान तुम्ही आधीच, हव्या त्या सूत्राने मोजता.

पायरी ७: वेळ आणि राखीव साठा

वेळ मिळत असेल तर एक सोडा, परिणाम बघा, चुकला तरच दुसरा सोडा. दोन्ही एकदम सोडले काय किंवा बघून सोडले काय, धोका सुटण्याची शक्यता तीच, ०.०९. पण बघून सोडताना सरासरी १.३ रोधक लागतात, एकदम सोडताना २. ही बचत वेळ असेल आणि ‘पाडलं’ हे नीट ओळखता येत असेल तेव्हाच मिळते. जवळून येणाऱ्या रॉकेटांसाठी अनेकदा दोन्ही नसतं.

राखीव साठ्यालाही त्याच उतरत्या यादीत बसवा. पुढच्या तासात आणखी एक वस्तीवरचा हल्ला येण्याची शक्यता निम्मी आहे असं धरा. त्यासाठी राखलेल्या पहिल्या रोधकाचं मोल ०.५ × ७० = ३५. यादी आता अशी: ७०, ४२, ३५ (राखीव), २१, १७.५. चार रोधक असतील तर क वर दोन, ख वर एक, एक राखीव. ‘काही तरी हाताशी ठेवा’ या मोघम सूचनेपेक्षा हे बरं, कारण राखीव रोधकामुळे आज काय उघडं पडतंय ते समोर दिसतं.

पायरी ८: समोरचाही विचार करतो

आतापर्यंत धोके ठरलेले होते. बॅटऱ्या कुठे उभ्या करायच्या हे ठरवताना ते गृहीत धरता येत नाही, कारण प्रतिस्पर्धी मांडणी बघून हल्ल्याची जागा बदलतो. अशा वेळी सरासरी नुकसान सोडून द्या. हल्ल्याचे संभाव्य आराखडे लिहा, झ हा एक चल घ्या, प्रत्येक आराखड्याचं नुकसान झ पेक्षा कमी किंवा समान ही अट घाला आणि झ लहानात लहान करा. कॅलिफोर्नियातल्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमधल्या संशोधकांनी २००५ साली क्षेपणास्त्र संरक्षणासाठी हल्लेखोर आणि बचाव करणारा या दोघांचाही विचार करणारं असं दुहेरी प्रतिमान (मॉडेल) प्रसिद्ध केलं.

इथे एक जुनी कल्पना भेटते. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या १९७२ च्या करारानंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघाला मोजकेच रोधक ठेवता येत होते; १९७४ च्या दुरुस्तीनुसार एकाच ठिकाणी, कमाल शंभर. अमेरिकेने नॉर्थ डकोटात आपल्याच क्षेपणास्त्रांच्या भूमिगत कोठारांभोवती यंत्रणा उभारली, ती काही महिनेच चालली. कोठारं वाचवताना सगळी वाचवायची गरज नसते. काही गुपचूप निवडून सगळे रोधक त्यांच्यासाठीच वापरायचे. हल्लेखोराला ती कोणती हे कळत नाही, म्हणून त्याला सगळ्यांवरच खर्च करावा लागतो. गणित म्हणून हे चोख आहे, कारण तिथे संख्या वाचवायची असते आणि कोणतं कोठार वाचलं याला महत्त्व नसतं. शहरांना ही युक्ती लावू नका. लावली तर पायरी १ मध्ये जबाबदार माणसांनी दिलेली उत्तरं तुम्ही परस्पर बदलली, असा त्याचा अर्थ होतो.

पायरी ९: दोन्ही वाटपं चालवून बघा

शेवटी मॉन्टे कार्लो. प्रत्येक रोधकासाठी यादृच्छिक संख्या काढा, सामाईक बिघाडासाठी वेगळी काढा आणि हल्ला दहा हजार वेळा चालवा. सरासरी तुमच्या सूत्राशी जुळली नाही तर कोडमध्ये चूक आहे. पुढे जाण्याआधी ती शोधा. मग सरासरीच्या पलीकडे बघा.

आपल्याच उदाहरणात स १० टक्के असताना ‘प्रत्येकावर एक’ या वाटपाचं अपेक्षित नुकसान ५५.५ आहे आणि ‘क वर दोन’चं ५७.४. फरक दोनाहूनही कमी. पण पहिल्यात वस्ती सापडण्याची शक्यता ३० टक्के, दुसऱ्यात १४.४ टक्के. सरासरी एका बाजूला झुकते आणि सगळ्यात वाईट प्रसंग दुसऱ्या. मी अशा वेळी सरासरीवर अडून बसणार नाही. दोन गुणांसाठी वस्तीचा धोका दुप्पट करणं मला मान्य नाही. पण ते माझं मत झालं. निर्णय घेणाऱ्यासमोर ठेवायच्या कागदावर दोन्ही वाटपं शेजारी मांडा. प्रत्येकाखाली अपेक्षित नुकसान, वस्ती सापडण्याची शक्यता, धरलेले प आणि स, आणि त्यांच्या कोणत्या किमतीला उत्तर पालटतं ते लिहा: प साठी ०.७५ (स शून्य असताना), स साठी ६.७ टक्के (प ०.७ असताना).